पहारा वेशीवर, पटकी विहिरीत

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि निजामाच्या जुन्या हैदराबाद संस्थानातला मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्या कायद्यात जिल्ह्यांची आणि तालुक्यांची नावे आहेत, आणि त्यांच्याच ओळीत एका लहानशा मुलखाचे नाव वेगळे लिहिले आहे: अदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यातले इस्लापूर सर्कल. पैनगंगेच्या काठचा, सहस्रकुंडाच्या धबधब्याजवळचा, सागाच्या जंगलाने, बंजारा तांड्यांनी आणि गोंड, कोलाम, आंध यांच्या पाड्यांनी भरलेला हा भाग तेव्हा नांदेड जिल्ह्याला जोडला गेला. तोवर त्याचा कारभार अदिलाबादहून चाले, आणि अदिलाबादच्या पलीकडे हैदराबाद. राजधानीपासून इतक्या लांब, दोन प्रांतांच्या शिवेवर पडलेल्या गावांत साथीचे रोग कसे आले, कसे राहिले आणि कसे हटले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. पटकीचा इतिहास लिहिला जातो तो मुंबईचा, कलकत्त्याचा किंवा पंढरपूरचा. पण साथ आटोक्यात कशी येते हे समजायचे असेल, तर इस्लापूरसारख्या गावाच्या पाणवठ्यावर उभे राहूनच ते नीट समजते. या मुलखात दीडशे वर्षे पटकीविरुद्ध पहारा होताच. देवाचा होता, सरकारचा होता, डॉक्टरांचा होता. तो पहारा माणसावर होता, पाण्यावर नव्हता. पाण्यावर आला तेव्हाच रोग मागे हटला.

पटकीची पहिली मोठी साथ १८१७ साली बंगालमध्ये जेसोरच्या बाजूला उसळली. त्याच वर्षाच्या अखेरीस ती बुंदेलखंडात इंग्रजांच्या छावणीत शिरली आणि १८१८ मध्ये नागपूर, जालना, औरंगाबाद, पुणे, पनवेल अशी सरकत ऑगस्टमध्ये मुंबईला पोहोचली. हा मार्ग नकाशावर पाहिला तर तो वाऱ्याचा मार्ग नव्हे, हे लगेच ध्यानात येते. तो फौजांचा, बाजारबुणग्यांचा आणि बैलांच्या तांड्यांचा मार्ग आहे. पेशवाई बुडत होती, पेंढाऱ्यांचा पाठलाग चालू होता, आणि फौजा मुक्काम करीत त्या नदीकाठी आणि तळ्याकाठी. हजारो माणसे आणि जनावरे एकाच पाण्यावर उतरत, तिथेच शौचाला बसत, तिथूनच पखाली भरत. फौज पुढे गेली तरी पाणी मागे उरे, आणि ते पाणी गावाचे असे. म्हणजे दख्खनच्या वाटेवर पटकी आणली माणसांनी, पण गावात ठेवली पाण्याने. या दोन गोष्टींतली पहिली सर्वांना दिसली. दुसरी दिसायला फार काळ लागला.

गावाला जे दिसले, त्यावर गावाने उपाय केला. उलट्या आणि जुलाब सुरू झाले, दोन-चार तिरड्या उठल्या की मरीआई कोपली असे समजत आणि तिचा गाडा काढत. लहानसा लाकडी गाडा, त्यात देवीची मूर्ती किंवा बाहुली, हिरव्या बांगड्या, खण, लिंबे, नारळ, कडुनिंबाचा पाला. पुढे पोतराज अंगावर कोरडे ओढत चाले, हलगी वाजे, कोंबड्याचा किंवा बोकडाचा मान दिला जाई, आणि तिन्हीसांजेला गाडा शिवेवर नेऊन सोडत. शिवेपलीकडच्या गावाला तो नको असे. मग ते गावही आपला मानपान करून गाडा पुढच्या शिवेवर ढकले. या प्रथेला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. त्यात निरीक्षण आहे: रोग बाहेरून येतो, एका गावाहून दुसऱ्या गावाला जातो, आणि त्याला आपल्या हद्दीबाहेर ठेवले तर आपण वाचतो, हे या लोकांनी अचूक ओळखले होते. त्याच काळात हिंदुस्थान सरकारचे आरोग्याचे वरिष्ठ अधिकारी पटकी संसर्गाने पसरते हेच मान्य करायला तयार नव्हते. १८६९ साली सुवेझचा कालवा उघडला, हिंदुस्थानातून जाणाऱ्या जहाजांवर युरोपच्या बंदरांत क्वारंटाईन बसू लागले आणि व्यापाराला ते परवडणारे नव्हते. तेव्हा हवा, माती आणि ऋतू यांवर खापर फोडणे सरकारला सोयीचे पडले. शिवेवर गाडा सोडणारा मराठवाड्यातला शेतकरी रोगाच्या प्रवासाबाबत त्या अधिकाऱ्यांपेक्षा सत्याच्या जवळ होता, असे मला वाटते.

पण त्याचा उपाय चुकला, आणि कुठे चुकला हे महत्त्वाचे. गाडा शिवेवर गेला तरी गाव तेच पाणी पीत राहिले. गाड्याच्या मिरवणुकीला जमलेली माणसे एकाच आडावरचे पाणी पीत, प्रसादाचे जेवण त्याच पाण्यात शिजे, मेलेल्याचे कपडे त्याच ओढ्यात धुतले जात. यावर एक आक्षेप येईल: लोक साथीत गाव सोडून शिवारात झोपड्या घालून राहत, आणि त्याने साथ थांबे, मग माणसे हलवण्यात अर्थ नव्हता असे कसे म्हणता? अर्थ होता. पण रानात गेलेले कुटुंब नुसते गाव सोडत नव्हते, गावाची विहीरही सोडत होते. मळ्यातल्या विहिरीवर पाच-दहा माणसे, तीही विरळ वस्तीने राहिलेली. पाणी बदलले आणि गर्दी पांगली म्हणून साथ ओसरे. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवतीची मरणे मोजून जे दाखवले, तेच हे उलट्या बाजूने आहे. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्यातल्या एका तळ्याच्या पाण्यातच पटकीचे जंतू सापडले. त्या तळ्याकाठची माणसे त्यातच अंघोळ करीत, कपडे धूत आणि तेच पाणी पीत. एवढे कळूनही पहारा पाण्यावर यायला अर्धशतकाहून जास्त काळ गेला.

कारण सरकारलाही माणूस अडवणे सोपे वाटले. पटकी आणि पंढरपूर यांची सांगड इंग्रज अधिकाऱ्यांच्या मनात पक्की होती, आणि ती निराधार नव्हती. आषाढीला लाखो माणसे चंद्रभागेच्या वाळवंटात उतरत, आणि परतताना रोग आपापल्या गावी नेत. पैठणहून नाथांची पालखी जाई, मराठवाड्यातून दिंड्या निघत, आणि बार्शी लाईट रेल्वे पंढरपूरला १९०६ च्या सुमारास आणि लातूरला १९११ मध्ये पोहोचल्यावर तर लातूरचा वारकरी फार थोड्या वेळात वाळवंटात आणि तितक्याच वेळात परत घरी येऊ लागला. पायी परतणाऱ्याला रोग वाटेत गाठे. आगगाडीने परतणारा तो पोटात घेऊन आपल्या आडापर्यंत येऊ लागला. यावर तोडगा निघाला तो लसीचा. वाल्देमार हाफकिन यांनी १८९२ मध्ये पटकीची लस स्वतःला टोचून घेतली, पुढे कलकत्त्यात ती वापरली, आणि विसाव्या शतकात यात्रेकरूंना लस टोचणे हा महाराष्ट्रातल्या साथनियंत्रणाचा मुख्य आधार झाला. विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत वारीला जायचे तर आधी टोचून घ्यायचे, हे खेड्यापाड्यांतल्या वारकऱ्याला ठाऊक होते.

या लसीने जीव वाचवले नाहीत असे कोणी म्हणणार नाही. हाफकिन यांनी जे धाडस केले त्याला तोड नाही, आणि मुंबईत परळला त्यांच्या नावाने उभी असलेली संस्था हे त्यांचे योग्य स्मारक आहे. पण टोचायच्या त्या लसीची मर्यादा मोठी होती. घेतलेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांनाच तिचे संरक्षण मिळे, तेही काही महिनेच टिके, आणि ती घेतलेला माणूस आपल्या विष्ठेतून जंतू पसरवतच राही. १९६४ मध्ये एल टॉर जातीचा जंतू भारतात आला तेव्हा ही मर्यादा उघडी पडली. या जंतूची लागण झालेल्यांत खरा आजारी पडणारा थोडा. बाकीच्यांना काही होत नाही किंवा किरकोळ हगवण लागून थांबते. म्हणजे रोग वाहून नेणारा बहुतेक वेळा धडधाकट दिसतो. त्याला स्टेशनवर कोण ओळखणार, वेशीवर कोण अडवणार? जागतिक आरोग्य परिषदेने १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रवाशांकडून पटकीच्या लशीचा दाखला मागण्याचा नियम काढून टाकला, तो याच अनुभवातून. आज तोंडाने घ्यायच्या ज्या लसी आहेत त्या पुष्कळ चांगल्या आहेत, आणि साथ पेटलेली असताना त्या जरूर वापराव्यात. पण त्यासुद्धा पाण्याची जागा घेत नाहीत. पाणी सुधारेपर्यंतचा वेळ मिळवून देतात.

पाण्यावर पहारा कधीच नव्हता, हे म्हणणे एका अर्थाने खोटे आहे. गावोगावच्या विहिरींवर आणि तळ्यांवर शतकानुशतके कडक पहारा होता, पण तो जातीचा होता. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी निजामाच्या हद्दीतल्या दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या त्या मंडळींनी किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले, आणि पाणी बाटवल्याचा आरडाओरडा करत जमाव त्यांच्यावर धावून आला. त्याच्या सात वर्षे आधी, २० मार्च १९२७ रोजी, महाडला चवदार तळ्यावर हेच घडले होते. या घटना सामाजिक अन्यायाच्या म्हणून आपण सांगतो, आणि त्या तशा आहेतच. पण आरोग्याच्या इतिहासातही त्यांना जागा आहे. पाण्याला कोणाचा हात लागला यावर ज्या समाजाची सगळी नजर खिळली, त्याने पाण्यात काय पडले याकडे पाहिलेच नाही. विहिरीच्या काठावर कपडे धुतलेले चालले, घाणीच्या पायाने पायऱ्या उतरलेले चालले, जनावरे धुतलेली चालली. माणूस चालला नाही. आणि ज्यांना विहीर बंद, ते ओढ्याच्या वाळूत झिरा उकरून पाणी भरत, बहुधा गावाच्या खालच्या अंगाला, जिथे सगळ्या गावाची घाण वाहून येई. साथीत मरणे तिथे जास्त होत, आणि मग रोग तिथूनच येतो असे म्हणायला गाव मोकळे. ज्या महार-मांगांवर मरीआईची सेवा आणि तिचा कोप अंगावर घेण्याची जबाबदारी टाकली होती, त्यांनाच सर्वांत घाण पाणी मिळत होते. पाण्याचा पहारा चुकीचा असेल तर तो रोग थांबवत नाही, वाढवतो, याचे याहून ठळक उदाहरण मला दिसत नाही.

योग्य पहारा काय करू शकतो हे निजामाच्या राज्यातही दिसले, पण राजधानीपुरते. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुराने हैदराबाद शहर उद्ध्वस्त केले. त्यानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने उस्मानसागर आणि हिमायतसागर ही धरणे १९२० च्या दशकात पुरी झाली, आणि शहराला पूर आवरण्याबरोबर राखलेले पाणी मिळाले. मराठवाड्याच्या खेड्यांना यातले काहीच मिळाले नाही. त्यांच्याकडे बारवा, आड, नद्या आणि झिरेच राहिले.

त्यांचा पाण्याशी संबंध बदलला तो १९७२-७३ च्या दुष्काळाने, आणि तो बदल कळतो जुन्या दुष्काळाशी ताडून पाहिल्यावर. १८९९-१९०० च्या दुष्काळात पश्चिम हिंदुस्थानातल्या दुष्काळी कामांच्या छावण्यांत पटकीने असा कहर केला की कामावर आलेली माणसे रातोरात पळून गेली आणि रोग घरोघर घेऊन गेली. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात, त्यातही मराठवाड्यात, रस्त्यांच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर त्याहून मोठी गर्दी होती. मे १९७३ मध्ये राज्यभरात सुमारे ५० लाख माणसे खडी फोडत होती, माती उपसत होती. उपासमार होती, उन्हाळा होता, पाणी आटलेले होते, म्हणजे १९०० चे सगळे साहित्य जुळलेले होते. तरी १९०० सारखे साथीचे थैमान झाले नाही. याचे श्रेय कामाला आणि धान्याला द्यावेच लागेल, कारण पोटात अन्न असलेला माणूस रोगाला सहज बळी पडत नाही. पण त्याच वर्षांत खडक फोडणारी बोअरची यंत्रे खेड्यांत फिरू लागली, आणि त्या बोअरवर बसला हापसा.

या हापशाच्या इतिहासात मराठवाड्याचा मोठा वाटा आहे आणि तो आपण विसरलो. सुरुवातीचे बिडाचे हातपंप घरगुती वापरासाठी बनवलेले होते. दिवसभर अख्ख्या गावाने हापसायला घेतले की महिन्या-दोन महिन्यांत मोडत. साठ-सत्तरच्या दशकांत जालन्याला पाण्याचे काम करणाऱ्या मिशनच्या लोकांनी आणि सोलापूरच्या कारागिरांनी पोलादाचा, एकाच आसावर फिरणारा, साखळीने दांडा ओढणारा पंप बनवला. जालना पंप आणि सोलापूर पंप या नावांनी ते ओळखले गेले, आणि त्यांच्यातूनच पुढे सत्तरच्या दशकात युनिसेफच्या पुढाकाराने इंडिया मार्क टू हा हापसा घडला, जो पुढे लाखोंच्या संख्येने देशभर बसला आणि आफ्रिकेपर्यंत गेला. हापशाकडे नीट पाहा. त्यात दोर नाही, पोहरा नाही, पायऱ्या नाहीत. वर काँक्रीटचा ओटा आणि सांडपाण्याची नाली, खाली खडकापर्यंत गेलेला केसिंग पाईप. कोणाचाही हात, पाय, घागर किंवा कपडा त्या पाण्यापर्यंत पोहोचतच नाही. कोणाला भरू द्यायचे आणि कोणाला नाही, यावरून हापशावरही भांडणे झाली, पण निदान पाण्यात कोणी काही टाकू शकत नव्हते. मराठवाड्यात पटकीला पहिली खरी वेस बांधली ती या ओट्याने. या मुद्द्याला दुसऱ्या एका रोगाचा पुरावा आहे. नारूवर लस नव्हती, औषधही नव्हते. पायऱ्यांच्या विहिरीत नारूची जखम झालेला पाय बुडला की त्याच्या अळ्या पाण्यात सुटत, ते पाणी पिणाऱ्याच्या अंगात वर्षभराने नवा नारू निघे. पायऱ्या बंद केल्या, पाणी फडक्याने गाळले, हापसे बसवले. महाराष्ट्र धरून सात राज्यांत असलेला हा रोग देशात शेवटचा १९९६ मध्ये राजस्थानात दिसला, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. निव्वळ पाण्याच्या राखणीने एक रोग देशातून गेला.

हापशाला मर्यादा होत्या आणि आहेत. नांदेड जिल्ह्याच्या काही भागांत खोल पाण्यात फ्लोराइड निघाले, बोअर आटले, आणि गावे पुन्हा विहिरीवरच्या नळयोजनेकडे वळली. तिथे पहाऱ्याची जबाबदारी एका माणसावर येते: ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. त्याचे काम बघायला साधे आहे. टाकीत पाणी किती हे काढायचे, हजार लिटरला पाच ग्रॅम या हिशेबाने टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर मोजायची, प्लास्टिकच्या बादलीत तिची पेस्ट करून पाणी घालायचे, चुना तळाशी बसू द्यायचा, आणि वरची निवळी तेवढी टाकीत सोडायची. अर्ध्या तासाने नळाच्या पाण्यात ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. हे रोज करायचे, सणाला, पावसात, लाईट नसली तरी. पावडरचे पोते उघडे राहिले की क्लोरीन उडून जातो आणि उरतो नुसता चुना. तो टाकून नोंदवहीत सही केली तर कागद पिवळा होतो, पाणी होत नाही.

इथे शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा यांचे पाणी पाजून पटकीची मरणे वीस-तीस टक्क्यांवरून साडेतीन टक्क्यांच्या आसपास आणली. आज जलसंजीवनीची पुडी आरोग्य उपकेंद्रात फुकट मिळते, आशाताई ती घरी आणून देते, सलाईनची सोय तालुक्याला आहे. मरणच टळत असेल तर पाण्याची एवढी चिंता कशाला? जलसंजीवनीसारखा स्वस्त आणि थोर उपाय विसाव्या शतकात दुसरा क्वचितच निघाला असेल, आणि तो पोहोचवण्यात कसूर होता कामा नये. पण तो मरण थांबवतो, पसरणे नाही. बरा झालेला रोगी त्याच नळाचे पाणी पितो. आणि तांड्यावरून दवाखान्यापर्यंतचे अंतर पावसाळ्यात, ओढ्याला पूर असताना, अजूनही जीवघेणे ठरते. हगवणीने वारंवार पडणारी लेकरे खंगतात, त्यांची वाढ खुंटते. त्याची मोजणी मृत्यूच्या आकड्यात होत नाही.

पटकी आता क्वचित ऐकू येते. तिची जागा गॅस्ट्रो या शब्दाने घेतली आहे. पहिल्या पावसात गटारातून गेलेली पाईपलाईन फुटते, मोटर बंद झाली की नळीत पोकळी होते आणि बाहेरची घाण आत ओढली जाते, दुसऱ्या दिवशी निम्मे गाव दवाखान्यात. जून २०२४ मध्ये नांदेडजवळच्या नेर्ली गावात दूषित पाण्याने मोठ्या संख्येने लोक आजारी पडले. तिथे रोग वेशीतून आला नव्हता.

महाराष्ट्रात पाण्याच्या स्रोतांची स्वच्छता तपासून प्रत्येक ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते, आणि पाच वर्षे साथ न आलेल्या गावाला चंदेरी. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे हे पुढच्या ग्रामसभेत विचारा, ओटीची नोंदवही मागा, आणि टीसीएलचे पोते कुठे, कसे ठेवले आहे ते स्वतः जाऊन पाहा.